परदेशी चवीचे घरगुती पदार्थ नेमके कुठे बिघडतात? या चुका टाळा

मागच्या थंडीत शेजारच्या वहिनींनी माझ्याकडून टोमॅटोच्या सॉसमधल्या पास्त्याची कृती लिहून नेली आणि दुसऱ्या दिवशी त्या वाटीभर पास्ता घेऊनच आल्या. कृतीतले सगळे जिन्नस त्यांनी घातले होते, तरीही सॉस एकीकडे आणि पास्ता दुसरीकडे अशी त्या वाटीची अवस्था होती. तळाशी आंबट पाणी साचले होते आणि वर मोहरीचे दाणे दिसत होते. "काय चुकलं हो ताई?" असे त्यांनी विचारले, तेव्हा मला एका वाक्यात उत्तर देता आले नाही, म्हणून ते येथे सविस्तर देत आहे.

नाशिकमध्ये आता इटालियन, थाई, मेक्सिकन किंवा लेबनानी चवीच्या साध्या पदार्थांसाठी लागणारे बहुतेक सगळे काही मिळते. त्यामुळे पदार्थ बिघडला की एखादा महागडा परदेशी जिन्नस आपल्याकडे नव्हता असे आपण मानतो. पण माझ्या पाहण्यात बहुतेक चुका आपल्या हाताला लागलेल्या सवयींतून होतात. फोडणी करायची, झाकण ठेवायचे, शिट्या काढायच्या, शेवटी चिमूटभर गरम मसाला घालायचा, या सवयी वरणभाजीला न्याय देतात. मात्र ज्या पदार्थाची घडण वेगळी आहे त्यात त्या आड येतात.

माप आणि शब्द यांतली गफलत

स्वयंपाकाला हात लावण्यापूर्वीच होणारी चूक म्हणजे कृतीतले माप आपल्या मापाने वाचणे. अमेरिकन कृतीतला कप सुमारे २४० मिलिलिटरचा असतो, मोठा चमचा १५ मिलिलिटरचा आणि लहान चमचा ५ मिलिलिटरचा. ऑस्ट्रेलियन कृतीत मात्र मोठा चमचा २० मिलिलिटरचा धरतात. आपल्या घरातला चहाचा कप आणि पोह्यांचा चमचा यांना असे कोणतेही ठरलेले माप नसते, म्हणून मापाच्या चमच्यांचा एक संच आणि एक लहान वजनकाटा घरात असावा. ओव्हनच्या बाबतीत ही गफलत अधिक महागात पडते. कृतीत ३७५ अंश लिहिलेले पाहून माझ्या ओळखीच्या एका घरी ओव्हनचा खटका अखेरच्या २५० अंशांवर नेऊन ठेवला होता. केक वरून कोळशासारखा झाला आणि आत कच्चाच राहिला. ते ३७५ अंश फॅरेनहाइट होते, म्हणजे आपल्या ओव्हनवरचे केवळ १९० अंश.

शब्दांचेही तसेच आहे. आपल्याकडे कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचे पांढरेशुभ्र सत्त्व. ते सूप दाट करण्यासाठी असते. मक्याची पोळी करण्यासाठी लागते ते पिवळसर पीठ, म्हणजे गिरणीतून दळून आणलेला मका. परदेशी कृतीत 'हेवी क्रीम' असते तेव्हा त्यात साधारण ३६ टक्के स्निग्धांश अपेक्षित असतो, तर आपल्याकडे खोक्यात मिळणाऱ्या फ्रेश क्रीममध्ये तो सुमारे २५ टक्के असतो. हे पातळ क्रीम आंबट रश्शात घालून खळखळून उकळले तर फाटते. ते शेवटी, गॅस बंद केल्यावर घालावे.

पास्ता आणि नाशिकचा टोमॅटो

वहिनींच्या वाटीकडे परत येते. पास्ता विकत घेताना पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा असे लिहिलेले आहे का, ते आधी पाहावे. हा गहू आपल्याला परका नाही. शेवया आणि रव्यासाठी आपण वापरतो तो बन्सी गहू ड्युरमच आहे. मैद्याचा पास्ता कितीही जपून शिजवला तरी पिठूळ होतो आणि गोळा धरतो.

दुसरी चूक पाण्याची. १०० ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि त्या पाण्यात सुमारे १० ग्रॅम, म्हणजे सपाट दोन लहान चमचे मीठ, हे प्रमाण जुने आणि भरवशाचे आहे. मीठ नंतर सॉसमध्ये वाढवून ही उणीव भरून निघत नाही, कारण पास्त्याच्या आत मीठ शिरते ते शिजतानाच. पाण्यात तेल घालू नये, आणि शिजलेला पास्ता चाळणीत ओतून नळाखाली धुऊ नये. या दोन्ही गोष्टी आपण पास्ता चिकटू नये म्हणून करतो आणि नेमक्या त्यांच्यामुळेच सॉस त्याला धरत नाही; तेलाचा थर सॉसला निसटवतो आणि धुण्याने पृष्ठभागावरचे सत्त्व वाहून जाते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे पाणी साधारण ९८ अंशांना उकळते, म्हणून पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एखादे मिनिट जास्त लागू शकते. घड्याळावर विसंबण्यापेक्षा एक तुकडा काढून दाताखाली धरावा. बाहेरून मऊ आणि मधोमध किंचित करकर लागली की तो उचलून थेट सॉसच्या कढईत टाकावा आणि सोबत पास्त्याचे पळीभर पाणीही घालावे. हे गढूळ पाणी आपण मोरीत ओतून देतो. पण तेल आणि टोमॅटोचा रस यांची मिळणी त्यातल्या सत्त्वामुळेच होते. मोठ्या आचेवर दोन मिनिटे हलवत राहिले की सॉस पास्त्याला लपेटून चकचकीत दिसू लागतो.

आता टोमॅटो. पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून ट्रक भरभरून दूरदूरच्या शहरांना टोमॅटो जातो, आणि तो प्रवासात टिकावा म्हणून जाड सालीचा, घट्ट गराचा वाण लावला जातो व रंग फिरू लागताच तोडला जातो. आपल्या पिशवीत येतो तोही बहुधा हाच टोमॅटो. तो त्याच दिवशी किसून सॉस केला तर आंबट आणि फिका होणारच. असे टोमॅटो दोन-तीन दिवस परडीत, देठाकडची बाजू खाली करून, फ्रिजबाहेर पिकू द्यावेत. फ्रिजच्या थंडीत त्यांचा वास मंदावतो. चांगले लाल आणि बोटाने किंचित दबणारे झाले की उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून साल काढावी, पसरट कढईत रस दाट होईपर्यंत मंद आचेवर झाकण न ठेवता आटवावे. एक किलो टोमॅटोला चाळीस मिनिटे सहज लागतात आणि घाई केलेली चव लगेच जाणवते. एवढे करूनही आंबटपणा राहिला तर साखरेचे चमचे ओतण्याऐवजी सुरुवातीलाच कांद्यासोबत थोडे किसलेले गाजर परतावे. लसूण तेल तापण्याआधीच घालून अगदी मंद आचेवर फिकट सोनेरी करावा. आपल्या फोडणीसारखा तो तडतडून तपकिरी झाला की सॉसला कडवट झाक येते, आणि मोहरी-जिऱ्याचे तर येथे काही कामच नाही.

बेसिलची पाने मिळाली नाहीत म्हणून कोथिंबीर घालणाऱ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगते. फालुद्यात घालतात तो सब्जा आणि इटालियन बेसिल या वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीच्या वनस्पती आहेत. किराणा दुकानातला सब्जा कुंडीत पेरला तर त्याची पाने वापरता येतात. वास तंतोतंत तोच नसतो, पण कोथिंबिरीपेक्षा पुष्कळ जवळचा असतो.

फ्राइड राइस

इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वरकडचा इंद्रायणी तांदूळ नाशिककरांच्या जिव्हाळ्याचा आहे, पण तो मुळातच चिकट असल्यामुळे फ्राइड राइसला चालत नाही. त्यासाठी कोलम किंवा लांब दाण्याचा तांदूळ घ्यावा. उलट रिसोट्टो या मऊसर, आसट इटालियन भातासाठी इंद्रायणी चांगल्यापैकी साधतो. भात गरम असताना परतला की लगदा होतो, म्हणून आदल्या दिवशीचा थंड भात घेतात. येथे मात्र एक धोका आहे आणि तो मनावर घ्यावा. शिजलेला भात रात्रभर ओट्यावर तसाच राहिला तर त्यात बॅसिलस सिरिअस हा जिवाणू वाढून विष तयार करू शकतो, आणि ते विष दुसऱ्या दिवशी परतल्याने नष्ट होत नाही. भात परातीत पसरून लवकर निववावा आणि तासाभरात झाकून फ्रिजमध्ये ठेवावा. परतताना लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवावी आणि एका वेळी दोन माणसांपुरताच भात टाकावा. घरच्या शेगडीची आच हॉटेलच्या भट्टीइतकी नसते, त्यामुळे कढई भरली की भात परतला जाण्याऐवजी वाफेवर पुन्हा शिजतो. सोया सॉस स्वतःच खारट असतो. मीठ त्यानंतर, चव पाहूनच घालावे.

थाई करी

थाई करीत गवती चहा हा प्राण असतो आणि नाशिकमध्ये त्याची वाण नाही. तरीही करीला त्याचा वास का येत नाही, हे मला फार उशिरा उमगले. आपण चहात घालतो ती पाने, आणि थाई स्वयंपाकात वापरतात तो बुडखा, म्हणजे मुळाजवळचा पांढरट, जाडसर दांडा. आपल्या जुड्यांमध्ये तो नसतोच. गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात मी एका भाजीवाल्या मावशींना म्हटले, "मावशी, पुढच्या वेळी बुडासकट उपटून आणाल का?" त्या म्हणाल्या, "अगं, त्या बुडख्याचं काय करणार तू? ते पुन्हा लावायला ठेवतो आम्ही." पुढच्या बुधवारी मात्र त्यांनी मातीसकट सहा दांडे आणून दिले. वरची दोन कडक सालपटे काढून, आतला मऊ भाग वरवंट्याने ठेचला तेव्हा स्वयंपाकघरभर लिंबासारखा जो दरवळ सुटला, तो पानांच्या जुडीने कधीच आला नव्हता. दोन दांडे करीला लागले, बाकीचे कुंडीत लावले आणि आता विकत आणावे लागत नाहीत.

दुसरी मोठी चूक नारळाच्या दुधाची. आपण वाटण तेलावर परततो, सगळे दूध एकदम ओततो आणि उकळी फुटू देतो. मग ते फुटते आणि करी चोथापाणी दिसते. थाई पद्धत वेगळी आहे. नारळाचे पहिले, दाट दूध थोडेसे घेऊन ते कढईत तेल सुटेपर्यंत आटवतात आणि त्याच तेलात वाटण परततात. येथे दूध मुद्दाम फोडलेले असते. भाज्या त्यानंतर दुसऱ्या, पातळ दुधात शिजवाव्यात आणि उरलेले दाट दूध शेवटी घालून केवळ गरम करावे. लिंबू नेहमी गॅस बंद केल्यावर पिळावे. थाई लिंबाची पाने मिळाली नाहीत तर कागदी लिंबाची हिरवी साल, आतला पांढरा भाग न येऊ देता, किसून घालावी. हळद आणि गरम मसाला घातले की करी चवीला आपल्याच रश्शासारखी लागू लागते.

तयार वाटण आणणाऱ्या शाकाहारी घरांनी बाटलीवरचे बारीक अक्षर वाचल्याशिवाय ती उघडू नये. थाई वाटणात बहुधा कोळंबीची पेस्ट असते, किमचीत, म्हणजे कोबीच्या आंबवलेल्या कोरियन लोणच्यात, माशाचा सॉस असू शकतो, आणि अस्सल पार्मेजानो रेज्जानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटशिवाय, म्हणजे दूध साकळवणाऱ्या विरजणाशिवाय, बनत नाही. घरी सोवळे पाळणारी वडीलधारी माणसे असतील तर हे पाहणे आपले कर्तव्य आहे. हिरवा ठिपका नसलेली बाटली सरळ मागे ठेवावी.

मक्याची पोळी आणि हमस

मेक्सिकन पोळी लाटताना तडकते, कारण तिकडचा मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळलेला असतो आणि त्यामुळे त्याचे पीठ चिवट होते. आपले गिरणीतले पीठ तसे नसते. भाकरीचा अनुभव येथे उपयोगी पडतो: पिठाची उकड काढावी, गरम असतानाच मळावे आणि दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये थापावे. आतल्या राजम्याला मात्र शॉर्टकट नको. तो रात्रभर भिजवून, भिजवलेले पाणी फेकून, कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवावा, कारण कच्चट राजम्यातले लेक्टिन पोट बिघडवते.

हमस म्हणजे काबुली हरभरे आणि तीळ वाटून केलेली लेबनानी चटणी. ती रवाळ होते ते हरभरे भाजीपुरतेच शिजवल्यामुळे. भिजवताना अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालावा आणि दाणा दोन बोटांत धरला तर लोण्यासारखा पसरेल इतका शिजवावा. कडवटपणा येतो तो तिळांमुळे. चटणीसाठी भाजतो तसे खमंग तीळ येथे नकोत. पॉलिश केलेले पांढरे तीळ रंग न बदलता जेमतेम गरम करून, थोड्या तेलासह त्यांचा गुळगुळीत लगदा करावा. लसूण आधी दहा मिनिटे लिंबाच्या रसात ठेचून ठेवला तर त्याचा उग्र झणका उतरतो. मिक्सर फार वेळ फिरला की भांडे तापते, म्हणून अधूनमधून बर्फाचे पाणी एकेक चमचा घालत जावे. त्याने हमस फिकट आणि हलके होते. वहिनींनी मागच्या आठवड्यात याच रीतीने केले आणि सोबत पिटा, म्हणजे तिकडची रोटी, नव्हता म्हणून तव्यावर कडक भाजलेली ज्वारीची भाकरी दिली. मला ती जोडी पिटापेक्षाही आवडली.