स्टेअरिंग थरथरते, सायलेन्सर वाजतो: भाग बदलण्याआधीच्या या चुका टाळा

गाडी सिग्नलला उभी असताना स्टेअरिंगला थरथर जाणवू लागली की अनेक जण ती थेट व्हील अलाइनमेंटच्या दुकानात नेतात. वास्तविक उभ्या गाडीच्या थरथरीचा अलाइनमेंटशी काहीही संबंध नसतो, कारण त्या वेळी चाके फिरतच नसतात. ही थरथर इंजिनाकडून येते. कधी इंजिन माउंटिंगचे रबर बसलेले असते, कधी एखादा स्पार्क प्लग नीट काम करत नसतो, तर कधी सायलेन्सरला लटकवून धरणारे हँगर रबर तुटलेले असते आणि पाइप बॉडीला टेकून इंजिनाचे कंपन सरळ स्टेअरिंगपर्यंत पोहोचवत असतो. म्हणजे तक्रार स्टेअरिंगची आणि दोष सायलेन्सरचा. शंभर-दोनशे रुपयांच्या रबरासाठी अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि शेवटी टायर असा खर्च होतो, तो निदान चुकल्यामुळे.

स्टेअरिंग आणि एक्झॉस्ट (इंजिनाचा धूर बाहेर नेणारे पाइप व सायलेन्सर) या दोन्हींच्या बाबतीत दोष कुठे जाणवतो यापेक्षा तो केव्हा जाणवतो, याला अधिक महत्त्व आहे. कोणत्या वेगाला, ब्रेक लावताना की मोकळ्या रस्त्यावर, इंजिन थंड असताना की तापल्यावर, वळणावर की सरळ जाताना, एवढे लिहून ठेवले तरी मेकॅनिकचे अर्धे काम होते. गॅरेजमध्ये जाऊन 'टायरोड (स्टेअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा) बदलून द्या' असे सांगणे ही म्हणूनच मोठी चूक आहे. लक्षण सांगावे आणि शक्य असल्यास मेकॅनिकला शेजारी बसवून गाडी चालवून दाखवावी.

गाडी एका बाजूला खेचते, तेव्हा

पहिली तपासणी टायरमधील हवेची, आणि ती टायर थंड असताना. योग्य दाब किती, हे ड्रायव्हरच्या दाराजवळील स्टिकरवर दिलेले असते. टायरच्या कडेवर छापलेला आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा असते, तो भरण्याचा दाब नव्हे. पुढच्या दोन टायरमध्ये चार-पाच पीएसआयचा फरक पडला तरी गाडी कमी हवेच्या बाजूला झुकते. आपल्याकडे पाणी वाहून जाण्यासाठी रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो आणि आपण डावीकडून चालतो, त्यामुळे हात सैल सोडल्यावर गाडी अगदी हळूहळू डावीकडे सरकणे स्वाभाविक आहे. सपाट रस्त्यावरही ती खेचत असेल, तरच दोष शोधावा.

हवा बरोबर असेल तर पुढचे दोन टायर डावी-उजवी अदलाबदल करून पाहावेत, मात्र टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर हा प्रयोग करू नये. अदलाबदलीनंतर खेचण्याची दिशा बदलली, तर दोष टायरच्या बांधणीत आहे आणि कितीही वेळा अलाइनमेंट केले तरी तो जाणार नाही. दिशा तीच राहिली, तर काही किलोमीटर चालवून गाडी थांबवावी आणि रिमला स्पर्श न करता तळहात जवळ नेऊन पाहावा. एकच चाक जास्त गरम लागत असेल, तर त्या बाजूचा ब्रेक कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) अडकलेला असण्याची शक्यता मोठी असते.

यानंतर अलाइनमेंट. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये पुढचा टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत तो कोन) हाच कोन सहज बदलता येतो. कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) आणि कॅस्टर (बाजूने पाहता स्टेअरिंगच्या आसाचा कल) मर्यादेबाहेर दिसले, तर खड्ड्यात आपटून लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा सस्पेन्शनचा दांडा) वा स्ट्रट (शॉकॲब्सॉर्बर व स्प्रिंगचा जोड) वाकला आहे का, ते पाहावे लागते. टायरोड एंड (टायरोडच्या टोकाचा सांधा) किंवा लोअर आर्मचे बुश (रबरी जोड) सैल असताना केलेले अलाइनमेंट रस्त्यावर टिकत नाही, म्हणून सैल भाग आधी बदलावेत आणि मग अलाइनमेंट करून आधीच्या व नंतरच्या मापांचा छापील कागद मागून घ्यावा. टो बिघडल्याची खूण हातालाही कळते. टायरच्या नक्षीवरून तळहात आतून बाहेर आणि मग बाहेरून आत फिरवला, आणि एका दिशेला पृष्ठभाग गुळगुळीत व उलट दिशेला कडा टोचणाऱ्या लागल्या, तर टायर थोडा तिरका घासत चालला आहे.

थरथर कोणत्या वेगाला येते?

साधारण 80 ते 100 किमी वेगाच्या पट्ट्यात येणारी आणि पुढे-मागे कमी होणारी थरथर बहुधा बॅलन्सिंगची असते. पावसाळ्यात कच्च्या रस्त्यावरून आल्यावर रिमच्या आतल्या बाजूला चिखल चिकटून वाळतो आणि तेवढ्यानेही बॅलन्स बिघडतो. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी रिम आतून धुवून पाहावेत. थरथर हातात जाणवली तर सहसा पुढची चाके आणि सीटमध्ये जाणवली तर मागची चाके तपासावीत. फक्त ब्रेक लावल्यावर येणारी थरथर ब्रेक डिस्कची असते, तिच्यासाठी बॅलन्सिंग करणे व्यर्थ आहे. मात्र कमी वेगातही स्टेअरिंग डुलल्यासारखे वाटत असेल, तर टायरच्या कडेला फुगवटा आला आहे का, हे त्याच क्षणी थांबून पाहावे. असा टायर घेऊन घाट उतरण्याचा धोका कोणीही पत्करू नये.

खडखड आणि जड स्टेअरिंग

स्पीडब्रेकरवर 'टक' असा आवाज आला की स्टेअरिंग रॅक (स्टेअरिंगचे फिरणे टायरोडपर्यंत पोहोचवणारा दातेरी दांडा) गेला, असे सांगितले जाते. स्टेअरिंगच्या चुकीच्या निदानांत हे सर्वांत महाग पडते, कारण त्याच आवाजामागे स्टॅबिलायझरचा लिंक रॉड, बॉल जॉइंट, बुश किंवा स्ट्रटचे माउंटिंग असू शकते आणि हे सर्व भाग रॅकपेक्षा कितीतरी स्वस्त असतात. चाक उचलून, जॅकबरोबर स्टँडचाही आधार देऊन, तीन आणि नऊच्या जागी धरून हलवावे. प्ले (सैलपणा) आढळला तर टायरोड वा रॅककडे बोट जाते. बारा आणि सहाच्या जागी धरून हलवल्यावर प्ले आढळला, तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग पाहावे. त्यानंतर गाडी रॅम्पवर चाकांवर उभी करून एकाने स्टेअरिंग थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने खालून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवावे. सैल सांधा बोटाला लगेच कळतो. पूर्ण वळवून पुढे जाताना येणारा 'कट-कट' आवाज तर स्टेअरिंगचा नसतोच. तो ड्राइव्ह शाफ्टच्या बाहेरच्या जॉइंटचा असतो, आणि रबरी बूट फाटून ग्रीस चाकाच्या आत उडालेले दिसले की खात्री होते.

इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग जड झाले, तर टायरमधील हवेनंतर बॅटरी तपासावी. गाडी लावताना त्याची मोटर मोठा विद्युतप्रवाह ओढते, आणि बॅटरी थकलेली किंवा टर्मिनल सैल असेल तर यंत्रणा मदत कमी करते. हायड्रॉलिक स्टेअरिंगमध्ये ऑइल कमी झाल्यावर वरून भरत राहणे ही नेहमीची चूक आहे. ते ऑइल कुठेतरी गळत असते, आणि तापलेल्या एक्झॉस्ट पाइपवर थेंब पडू लागले तर जळका वास, धूर आणि प्रसंगी आगही लागू शकते. गळती आधी बंद करावी आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेलेच ऑइल भरावे. स्टेअरिंग अचानक जड झाले आणि त्याच वेळी बॅटरीचा दिवा लागला, तर बेल्ट तुटला आहे असे समजून गाडी बाजूला घ्यावी, कारण अनेक गाड्यांत त्याच बेल्टवर पाण्याचा पंपही चालतो.

सायलेन्सरमधून पाणी आणि धूर

सकाळी सायलेन्सरमधून पाणी ठिबकले की घाबरून हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांमधील सील) उघडण्याचा सल्ला स्वीकारू नये. एक लिटर पेट्रोल जळल्यावर जवळपास एक लिटर पाणी तयार होते, आणि एक किलो सीएनजीमधून तर दोन किलोहून अधिक. पाइप तापला की हे पाणी वाफ होऊन निघून जाते. रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालत असेल तर ते मफलरमध्ये (सायलेन्सरच्या डब्यात) साचून तो आतून गंजतो. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांचे आणि खाऱ्या हवेत उभ्या राहणाऱ्या कोकणातील गाड्यांचे मफलर म्हणूनच वेळोवेळी खालून पाहावेत. गंजलेल्या भागावर पत्र्याचे ठिगळ वेल्ड करून प्रश्न सुटत नाही, आणि वेल्डिंग करायचेच असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढायला लावावी.

इंजिन तापल्यावरही पांढरा धूर दाट राहिला, त्याला गोडसर वास आला आणि कूलंट कमी होत गेले, तर मात्र हेड गॅस्केटची शंका रास्त आहे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. निळसर धूर ऑइल जळल्याचा असतो: रात्रभर उभ्या गाडीने सुरू होताना क्षणभर सोडला तर व्हॉल्व्ह सील, सतत सोडला तर रिंग किंवा टर्बो. काळ्या धुराला एअर फिल्टर, इंजेक्टर आणि डिझेल गाडीत टर्बोचा फाटलेला होज ही कारणे आधी तपासावीत.

सेन्सर बदलण्याची घाई

चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनर ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधील ऑक्सिजन मोजणारा) किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा (धुरातील विषारी वायू कमी करणाऱ्या भागाचा) कोड दाखवतो आणि तोच भाग बदलला जातो. कोड फक्त माप कुठे चुकले ते सांगतो, कारण सांगत नाही. सेन्सरच्या आधी मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर एकत्र करणाऱ्या पाइपच्या) गॅस्केटला किंवा फ्लेक्झिबल पाइपला बारीक गळती असेल, तर एक्झॉस्टच्या दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ती जादा ऑक्सिजन म्हणून दिसते, संगणक पेट्रोल वाढवतो आणि ॲव्हरेज घटतो. सेन्सर नवा टाकला तरी तो हेच सांगणार, कारण तो खरेच सांगत असतो. अशी गळती थंड इंजिन सुरू करताच 'टिक-टिक' असा आवाज करते आणि लोखंड तापून प्रसरण पावल्यावर तो आवाज कमी होतो. सांध्याभोवती काजळीची काळी रेघ दिसते. थंड इंजिन सुरू करून लगेच सांध्यावर साबणाचे पाणी मारल्यास फेसही उठतो.

चेक इंजिनचा दिवा सतत लागणे आणि उघडझाप करणे यांत फरक आहे. उघडझाप म्हणजे मिसफायर होऊन (एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी वा ज्वलन चुकून) न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळत आहे. त्या उष्णतेने आतील सिरॅमिकची जाळी वितळते आणि एका प्लग वा कॉइलच्या दुरुस्तीचे बिल कितीतरी पटींनी वाढते. अशा वेळी घरापर्यंत रेटू नये. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस 6 मानकांच्या डिझेल गाड्यांमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ असतो. त्याचा दिवा लागल्यावर गाडी मॅन्युअलप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर चालवावी, म्हणजे काजळी जळून जाते. तो फिल्टर काढून टाकण्याचा सल्ला बेकायदेशीर आहे.

पीयूसी मिळाली म्हणजे एक्झॉस्ट निर्दोष आहे, हा समजही सोडावा. ती तपासणी पाइपच्या टोकाशी होते. सीटखालच्या गळतीतून काय बाहेर पडते, ते त्यात दिसत नाही. आणि तिथूनच कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो, ज्याला रंग नाही, वास नाही. लांबलचक सामान नेताना डिकी उघडी ठेवून गाडी चालवली, तर मागे तयार होणाऱ्या कमी दाबामुळे पाइपमधील वायू आत ओढला जातो. बंद पार्किंगमध्ये एसी लावून झोपणे तर प्राणघातक ठरू शकते. प्रवासात एकाहून अधिक जणांचे डोके दुखू लागले किंवा मळमळू लागले, तर ती 'गाडी लागली' असे गृहीत धरू नये. गाडी थांबवून इंजिन बंद करावे, सर्वांनी उतरून मोकळ्या हवेत जावे, त्रास कमी झाला नाही तर दवाखाना गाठावा, आणि गळती सापडून बंद होईपर्यंत ती गाडी टो करूनच हलवावी.