थंडी जाताना एक झाड पकडा

फेब्रुवारी लागला की पुण्यात सकाळी स्वेटर आणि दुपारी फॅन असं चालू होतं, आणि मग कोणी ना कोणी विचारतंच की आता निसर्ग बघायला कुठे जायचं, भिगवणला जाऊ का, ताडोबाला जाऊ का. जा की, पट्टकादंब हंस आणि रोहित म्हणजे फ्लेमिंगो बघायला भिगवण मस्तच आहे, पण ऋतू बदलताना बघायचा असेल तर एकाच जागी परत परत जावं लागतं. म्हणून घराजवळचं एक झाड पकडा आणि मार्च संपेपर्यंत ते सोडू नका.

झाड निवडताना काटेसावर, पळस किंवा पांगारा बघा, यातलं एखादं वेताळ टेकडीवर काय, सोसायटीच्या मागच्या प्लॉटवर पण सापडतं. तिन्ही या दिवसात पानं गाळून फुलतात त्यामुळे लांबून सगळं लालच दिसतं आणि गोंधळ होतो. काटेसावरीचं फूल तळहाताएवढं मोठं, पाच जाड मेणचट पाकळ्यांचं, आणि कोवळ्या खोडावर शंकूसारखे काटे. पळसाच्या कळ्या काळपट मखमली असतात आणि फूल पोपटाच्या चोचीसारखं वाकडं. पळसाला पानं तीनच हे खरं, पण पांगाऱ्यालाही तीनच असतात बरं का, त्यामुळे नुसत्या पानांवर जाऊ नका, पांगाऱ्याच्या फांद्यांना काटे असतात ते बघा. आणि टेकडीवर गुलाबी फुलांनी लगडलेली झाडं दिसली की लोक चेरी ब्लॉसम म्हणून फोटो टाकतात ना, ती गिरीपुष्पाची असतात, म्हणजे उंदीरमारी, बाहेरून आणून लावलेली. सुंदर दिसतात यात वाद नाही.

आता मुख्य काम, बसायचं. सकाळी सात ते नऊ, ऊन तुमच्या पाठीमागे येईल असं, झाडापासून वीसएक पावलांवर. पहिली दहा मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं, तेव्हा मोबाईल काढू नका. मग येतात एकेक, मैना, बुलबुल, भांगपाडी मैना, खार तर असतेच, आणि भोरड्यांचा थवा आला तर अख्खं झाड कलकलायला लागतं. या भोरड्या म्हणजे गुलाबी मैना, पावसाळा संपता संपता येतात आणि एप्रिलपर्यंत मध्य आशियाकडे परत निघतात, म्हणजे तुमच्या समोर चाललंय ते प्रवासाआधीचं खाणं आहे. खाली पडलेलं काटेसावरीचं एखादं फूल उचलून बघा, चांगलं वजनदार लागतं, आणि आत मधासाठी घुसलेल्या मुंग्या हमखास असतात.

जांभळ्या सूर्यपक्ष्याचा नर तर याच दिवसात बघायचा. थंडीत तो मादीसारखाच मळकट पिवळा, फक्त गळ्यापासून पोटाकडे एक काळी पट्टी, आणि आता हळूहळू अंगावर जांभळे-निळे चमकदार ठिपके उमटायला लागतात, अर्धवट रंगवून सोडल्यासारखा दिसतो. दर तीन-चार दिवसांनी बघितलं की फरक कळतो, एकदाच बघितलं तर वाटतं पक्षी आजारी आहे की काय.

आवाजासाठी तांबट पक्षी. टुक टुक टुक एका लयीत चालू असतं, पण तो मान फिरवत ओरडतो त्यामुळे आवाज कधी डावीकडून कधी उजवीकडून येतो आणि आपण वेड्यासारखे शोधत बसतो. शेंड्याची वाळकी फांदी बघा, बहुतेक तिथेच असतो. वाळक्या फांदीला खालच्या बाजूने गोल भोक दिसलं तर घरटं समजा आणि लांब सरका, फोटोसाठी फांदी वाकवणं वगैरे अजिबात नको.

सामान फार लागत नाही, पाणी, वही, जमलं तर ८x४२ ची दुर्बीण, त्यातला ८ म्हणजे आठपट जवळ आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. यापेक्षा जास्त पॉवरची घेतली तर हात हललेला जास्त जाणवतो आणि चित्र स्थिर राहत नाही. आवाज ओळखायला मर्लिन ॲप ठीक आहे पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय वहीत लिहू नका. मोठ्या सावरीवर आग्या मोहोळ आहे का ते बसायच्या आधी वर बघून घ्या, परफ्युम मारून जाऊ नका. गवत वाळलेलं असतं, वणव्याचे दिवस, त्यामुळे काडी-सिगरेट बंद.

वहीबद्दल एकच सांगतो कारण मी स्वतः इथे गंडलोय. कोण आलं हे सगळे लिहितात, कोण गेलं हे कोणी लिहीत नाही, कारण जाताना कोणी सांगून जात नाही. आमच्या गच्चीच्या कठड्यावर थिरथिरा येतो थंडीत, काळा अंगाचा, तांबूस शेपूट सतत थरथरवत बसणारा. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये कपडे वाळत घालताना लक्षात आलं की हा बरेच दिवस दिसलाच नाही, शेवटचा कधी होता ते काही केल्या आठवेना. म्हणून आता रोज एक शब्द लिहायचा, होता किंवा नव्हता, बास. धोबी पक्ष्यांचंही तसंच करा, फक्त कवड्या धोबी वर्षभर इथलाच आहे, त्याला यात धरू नका.

आज सकाळी सात-दहाला होता.