दिनविशेष कसा तयार करावा : १७ सप्टेंबर या तारखेवरून एक मार्गदर्शन

शाळेच्या परिपाठात, सार्वजनिक वाचनालयाच्या दर्शनी फलकावर, ग्रामपंचायतीच्या भिंतीवरील फळ्यावर आणि अलीकडे गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरही रोज सकाळी दिनविशेष झळकतो. बहुतेक ठिकाणी तो कुठून तरी जसाच्या तसा उतरवलेला असतो. त्यात पंधरा-वीस नोंदी असतात, त्यांतल्या निम्म्या वाचकाला अनोळखी असतात आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत त्यांतली एकही कोणाला आठवत नाही. मोजक्या, तपासलेल्या आणि वाचणाऱ्याच्या परिसराशी नाते सांगणाऱ्या चार नोंदी या लांबलचक यादीपेक्षा कितीतरी अधिक काम करतात. असा दिनविशेष कसा तयार करावा, हे एकाच तारखेवर करून पाहिल्यास नीट ध्यानात येते. म्हणून येथे मराठवाड्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची तारीख, १७ सप्टेंबर, घेतली आहे.

पहिली पायरी : कच्ची यादी

प्रथम त्या तारखेच्या मिळतील तेवढ्या नोंदी वहीत उतरवून घ्याव्यात. या टप्प्यावर निवड करू नये. १७ सप्टेंबरपुरते बोलायचे तर साधारण अशी यादी हाती येते : १७८७ मध्ये फिलाडेल्फिया येथे अमेरिकेच्या राज्यघटनेवर स्वाक्षऱ्या झाल्या; १८७९ मध्ये पेरियार ई. व्ही. रामसामी यांचा जन्म झाला. १८८५ मध्ये प्रबोधनकार ठाकरे यांचा जन्म झाला. १९२९ मध्ये अनंत पै यांचा जन्म झाला. १९४८ मध्ये हैदराबादच्या निजामाने हार मानली. १९७८ मध्ये इजिप्त आणि इस्राएल यांच्यात कॅम्प डेव्हिड करार झाला. १९९४ मध्ये नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. वहीत प्रत्येक नोंदीपुढे ती कोठून घेतली हे लिहून ठेवण्यास विसरू नये. तपासणीच्या वेळी याच रकान्याचा सर्वांत जास्त उपयोग होतो.

दुसरी पायरी : तारीख नेमकी कशाची, हे तपासणे

सगळे काम खरे तर या पायरीवर आहे, आणि नेमकी हीच पायरी सर्रास गाळली जाते. दोन ठिकाणी तीच तारीख सापडली म्हणजे ती खरी, असे समजू नये. दुसऱ्याने पहिल्याचेच उतरवलेले असण्याची शक्यता मोठी असते. मराठी विश्वकोश, जिल्ह्याचे गॅझेटियर, संबंधित व्यक्तीचे चरित्र किंवा त्या काळचे वृत्तपत्र यांपैकी किमान एका आधाराशी नोंद ताडून पाहावी.

‘१७ सप्टेंबर १९४८ : निजाम शरण आला व मराठवाडा महाराष्ट्रात आला’ हे वाक्य अनेक फळ्यांवर वाचायला मिळते. त्यात दोन गोष्टी सुधारायला हव्यात. भारतीय सैन्य १३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानात शिरले. मेजर जनरल जयंतो नाथ चौधुरी यांच्या नेतृत्वाखालील मुख्य फौज सोलापूरच्या बाजूने नळदुर्गमार्गे पुढे सरकली. पाचव्या दिवशी, म्हणजे १७ तारखेला, निजाम मीर उस्मान अली खान यांनी शस्त्रसंधी जाहीर केली. निजामाच्या सैन्याचे प्रमुख मेजर जनरल एल एद्रूस यांनी चौधुरी यांच्यापुढे औपचारिक शरणागती पत्करली ती मात्र १८ सप्टेंबरला. तेव्हा १७ तारखेच्या नोंदीत ‘शस्त्रसंधी जाहीर केली’ असे लिहिणे बिनचूक ठरते. दुसरी गोष्ट महाराष्ट्राची. १९४८ नंतर मराठवाडा हैदराबाद राज्यातच राहिला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग झाला. या तिन्ही तारखांची एकाच ओळीत खिचडी करू नये.

त्याच वाक्यात कोणी ‘मराठवाड्याचे आठ जिल्हे मुक्त झाले’ असेही लिहितो. त्या वेळी मराठवाड्यात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद असे पाचच जिल्हे होते. जालना, लातूर व हिंगोली हे जिल्हे पुष्कळ नंतर, अनुक्रमे १९८१, १९८२ आणि १९९९ मध्ये, अस्तित्वात आले. गावांच्या व शहरांच्या नावांबाबतही हीच दक्षता घ्यावी. जुन्या घटनेच्या नोंदीत त्या काळचे नाव लिहून पुढे कंसात आजचे नाव द्यावे : औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), उस्मानाबाद (आताचे धाराशिव). असे केल्याने जुनी कागदपत्रे शोधू पाहणाऱ्या विद्यार्थ्याचीही सोय होते.

यानंतर कालगणनेचा प्रश्न येतो. शिवकालीन व त्याआधीच्या घटना मूळ साधनांत तिथी आणि शक यांत दिलेल्या असतात. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या घटनेसाठी शकात ७८ मिळवावेत. जानेवारी ते फाल्गुनअखेर या काळातील घटनेसाठी ७९ मिळवावेत. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ हा शिवराज्याभिषेकाचा दिवस म्हणून १६७४ मध्ये येतो आणि फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही शिवजन्माची तिथी १६३० मध्ये येते. त्यातही ६ जून १६७४ आणि १९ फेब्रुवारी १६३० या आपल्याकडे रूढ असलेल्या तारखा जुन्या ज्युलियन पद्धतीच्या आहेत. आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने त्या दहा दिवस पुढे, म्हणजे १६ जून आणि १ मार्च अशा येतात. इंग्रजांनी नवी पद्धत १७५२ मध्ये स्वीकारली, त्यामुळे त्यापूर्वीच्या इंग्रजी कागदांतील तारखांबाबत हा फरक (१७०० नंतरच्या तारखांसाठी अकरा दिवसांचा) गृहीत धरावा. गुरू गोविंदसिंग नांदेड येथे ज्योतीजोत समावले, म्हणजे त्यांनी देह ठेवला, ती ७ ऑक्टोबर १७०८ ही तारीखही जुन्याच पद्धतीची आहे. लोक ज्या तारखेला उत्सव करतात ती बदलण्याचा उपद्व्याप दिनविशेष लिहिणाऱ्याने करू नये. फक्त एका यादीत दोन पद्धती मिसळू नयेत, एवढे पुरे. नाथषष्ठीसारखे दिवस तर तिथीवरच चालतात. पैठणच्या यात्रेला इंग्रजी तारीख कायमची चिकटवून ठेवण्यात अर्थ नाही. ती दरवर्षी पंचांगातून घ्यावी.

मराठवाड्यात याशिवाय फसली सन आहे. निजामी काळातील महसुली कागद, सनदा आणि दाखले यांवर फसली साल आणि आजूर, दय, बहमन असे महिने असतात. त्या सालात ५९० मिळवले की ते साल इसवी सनाच्या कोणत्या वर्षी सुरू झाले ते कळते. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. या बेरजेवरून वर्ष तेवढे मिळते, दिवस मिळत नाही. म्हणून गावातल्या एखाद्या देवस्थानाच्या सनदेवरून किंवा जुन्या शाळेच्या दाखल्यावरून नोंद तयार करताना जंत्रीचा (दोन कालगणनांतील तारखा शेजारी देणाऱ्या तक्त्याचा) आधार असल्याशिवाय तारीख लिहू नये, नुसते वर्ष लिहावे.

गावातील स्वातंत्र्यसैनिकांच्या जन्मतारखा शाळेच्या रजिस्टरमधून घेतल्यास त्यांतल्या पुष्कळशा १ जून निघतात. शाळा जूनमध्ये सुरू होत असे, मुलाला आणणाऱ्या वडिलांना तारीख ठाऊक नसे आणि गुरुजी अंदाजाने वय धरून १ जून लिहून मोकळे होत. अशा वेळी घरातील थोरांना विचारावे. ‘पोलीस अ‍ॅक्शनच्या (१९४८ च्या लष्करी कारवाईच्या) वर्षी पाळण्यात होता’, ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा’ अशा आठवणींवरून वर्ष आणि तिथी बरीच जवळ येते. तेही जमले नाही तर जन्मदिनाचा हट्ट सोडून स्मृतिदिनाची नोंद घ्यावी, कारण मृत्यूची तारीख ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत सहसा सापडते.

रात्रीच्या घटनांबाबत एक वेगळी अडचण येते. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. गणेश विसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले होते आणि औसा-उमरगा भागातील माणसे आजही ‘अनंत चतुर्दशीच्या रात्री’ असेच सांगतात. आपल्या परंपरेत दिवस सूर्योदयाला बदलतो, दिनदर्शिकेत तो मध्यरात्री बदलतो. त्यामुळे लोकांची आठवण आणि छापील तारीख यांत दिसणारा फरक ही कोणाची चूक नव्हे. नोंद ३० सप्टेंबरला करावी आणि ‘पहाटे’ हा शब्द त्यातून कधीही गाळू नये.

तिसरी पायरी : निवड

तपासणीनंतर यादी आपोआप लहान होते, तरीही ती आणखी कापावी लागते. फळ्यासाठी चार नोंदी पुरेशा आहेत. त्यांतली एक मराठवाड्याची, एक महाराष्ट्राची, एक देशाची आणि एक जगाची असावी असा संकेत काही शाळा पाळतात. तो वाईट नाही, पण त्याला चिकटून राहण्याचे कारण नाही. १७ सप्टेंबरला मराठवाड्याच्याच दोन नोंदी घेणे योग्य ठरते आणि १ मे रोजी तर महाराष्ट्र राज्याची स्थापना, जालना जिल्ह्याची निर्मिती आणि हिंगोली जिल्ह्याची निर्मिती अशा तीन घटना एकाच दिवशी येतात, त्यामुळे कामगार दिनासाठी जेमतेम एक ओळ उरते. खेळाडू आणि चित्रपट कलावंत यांचे वाढदिवस मुलांना आवडतात हे खरे, पण जिवंत व्यक्तींचे वाढदिवस दिनविशेषात न घेणे बरे. त्यातून फलक हळूहळू शुभेच्छांचा बॅनर होत जातो.

चौथी पायरी : वाक्य लिहिणे

‘जन्म’, ‘मृत्यू’, ‘स्थापना’ एवढ्यावर नोंद संपवू नये. त्या माणसाने काय केले किंवा त्या घटनेने काय बदलले, हे त्याच वाक्यात यावे आणि वाक्य फळ्यावर तीन ओळींपेक्षा लांबू नये. मृत्यूच्या दिवसासाठी शब्द निवडताना त्या त्या समाजात रूढ असलेला शब्द वापरावा : संतांसाठी समाधी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसाठी महापरिनिर्वाण दिन, इतरांसाठी पुण्यतिथी किंवा स्मृतिदिन.

मुक्तिसंग्रामाबद्दल लिहिताना भाषा विशेष सांभाळावी. हा फलक गावातील सर्व घरांतील मुले वाचतात. लढा निजामाच्या राजवटीविरुद्ध आणि कासिम रझवीच्या नेतृत्वाखालील रझाकार संघटनेविरुद्ध होता. तेवढीच नावे लिहावीत, एखाद्या समाजाचे नाव लिहू नये. संस्थानाने भारतात सामील व्हावे असे ‘इमरोज’ या उर्दू दैनिकातून निर्भीडपणे लिहिणारे संपादक शोएबुल्ला खान यांची रझाकारांनी ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत हत्या केली. २२ ऑगस्टच्या फलकावर ही नोंद आवर्जून घ्यावी. मराठवाड्यातील शाळांत ती क्वचितच दिसते.

हे सर्व पाळून १७ सप्टेंबरचा फलक असा तयार होतो :

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन
१९४८ : भारतीय सैन्याच्या कारवाईच्या पाचव्या दिवशी हैदराबादच्या निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसने चालवलेल्या लढ्याला यश आले.
१९९४ : नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना.
१८८५ : हुंडा व जातिभेद यांविरुद्ध लेखणी चालवणारे प्रबोधनकार केशव सीताराम ठाकरे यांचा पनवेल येथे जन्म.
१८७९ : तमिळनाडूतील स्वाभिमान चळवळीचे प्रणेते पेरियार ई. व्ही. रामसामी यांचा इरोड येथे जन्म.

मुख्य नोंद वर ठेवली आहे आणि तिच्याखालच्या नोंदींची वर्षे उतरत्या क्रमाने आली आहेत. इतर दिवशी चढता क्रम ठेवला तरी चालतो, परंतु एका फलकावर एकच क्रम असावा.

पाचवी पायरी : वर्षांची मोजणी

‘७५ वा’ की ‘७६ वा’ हा वाद दर सप्टेंबरमध्ये होतो. घटनेला किती वर्षे झाली हे विचारले असेल तर सरळ वजाबाकी करावी : २०२३ वजा १९४८, म्हणजे ७५ वर्षे पूर्ण. तो दिवस कितव्यांदा आला हे मोजायचे असेल आणि १९४८ चा दिवस पहिला धरायचा असेल तर त्यात एक मिळवावा, म्हणजे ७६ वा मुक्तिदिन. अमृतमहोत्सवी वर्ष १७ सप्टेंबर २०२२ ला सुरू होऊन १७ सप्टेंबर २०२३ ला पूर्ण झाले, ते याच हिशेबाने. जयंतीलाही हाच नियम लागू होतो. स्वामी रामानंद तीर्थ यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा; शंभर वर्षे २००३ मध्ये पूर्ण झाली, तर जन्मशताब्दी वर्षाची सुरुवात २००२ मध्ये झाली. फलकावर ‘७५ वर्षे पूर्ण’ असे लिहिल्यास वादाला जागाच राहत नाही.

सहावी पायरी : नोंदवही

प्रत्येक तारखेसाठी वहीचे एक पान राखून ठेवावे, म्हणजे ३६६ पाने लागतात. २९ फेब्रुवारीचे पान विसरले जाते आणि चार वर्षांनी त्याची आठवण होते. पानावर निवडलेल्या नोंदी, न निवडलेल्या नोंदी आणि प्रत्येकीचा आधार लिहावा. दुसऱ्या वर्षी त्याच पानावरून पुन्हा त्याच चार ओळी न उतरवता मुख्य नोंद तीच ठेवून बाकीच्या बदलाव्यात. वाचकाने येऊन एखादी तारीख चुकली असल्याचे सांगितले तर त्याला आधार विचारावा, तो वहीत लिहून घ्यावा आणि पटल्यास त्याच दिवशी फळ्यावर दुरुस्ती करावी. पटला नाही तर दोन्ही तारखा त्यांच्या आधारांसह पानावर ठेवाव्यात आणि निर्णय होईपर्यंत ती नोंद फलकावर घेऊ नये.