फोर्ड एफ-१५०, ५.४ लिटर: जुने प्लग न तोडता काढणे आणि कॉइल बदलणे

२००४ ते २००८ च्या फोर्ड एफ-१५० मध्ये ५.४ लिटरचं तीन-व्हॉल्व्हवालं ट्रायटन व्ही-८ इंजिन असेल, तर स्पार्क प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारा भाग) बदलायला रॅचेट हातात घेण्याआधी थोडं थांबा. या इंजिनात नवा प्लग बसवणं अगदी सोपं आहे. अडचण जुना प्लग काढताना येते, कारण तो अर्ध्यातच तुटतो आणि खालचा तुकडा हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, राहतो. अमेरिकेत किंवा कॅनडात सेकंडहँड पिकअप घेणाऱ्याला ही गोष्ट गाडी विकणारा सहसा सांगत नाही. बरीच गॅरेजं हे काम घेतात, पण तुटेल त्या प्रत्येक प्लगचे वेगळे पैसे लावतात. हेच इंजिन २००५ ते २००८ च्या एक्स्पिडिशन, लिंकन नेव्हिगेटर आणि सुपर ड्यूटीतही आहे, त्यामुळे पुढचं सगळं त्यांनाही लागू पडतं.

प्लग का तुटतो ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढची पथ्यं जाचक वाटणार नाहीत. साध्या प्लगचे आटे जिथे संपतात तिथेच त्याचं टोक येतं. या प्लगला आट्यांच्या खाली एक लांब, गुळगुळीत, पातळ नळी आहे. ती हेडच्या अरुंद भोकात उतरते आणि अर्थ इलेक्ट्रोड तिच्या टोकाला असतो. वरचा षटकोनी भाग आणि ही नळी एकसंध नाहीत, दोन तुकडे दाबून जोडलेले आहेत. नळी आणि भोक यांच्यामधल्या फटीत वर्षानुवर्षं कार्बन साचून तिथेच कडक होतो. पाना लावून जोर केला की वरचा भाग फिरतो, नळी जागची हलत नाही आणि जोड सुटतो. प्लग लाख मैल चालतील असं फोर्डचं वेळापत्रक म्हणतं. प्लग तितके चालतीलही, पण तोवर कार्बन इतका धरतो की ते सुखासुखी निघत नाहीत. ६० हजार मैलांना बदलले तर पुढच्या वेळचा त्रास बराच वाचतो.

ऑक्टोबर २००७ नंतर बनलेल्या इंजिनांत हेड आणि प्लग दोन्ही बदलले. प्रत्येक प्लगला वीज देणाऱ्या त्यांच्या कॉइलचा रबरी बूट (प्लगवर बसणारी खालची नळी) तपकिरी असतो, आधीच्यांचा काळा. एक कॉइल उपसून बघा आणि मगच प्लग मागवा, कारण दोन्हींचे प्लग एकमेकांना चालत नाहीत. तुमचा ट्रक २००४ च्या आधीच्या ढबाचा, दोन-व्हॉल्व्हवाला असेल तर त्याचं दुखणं वेगळं आहे. त्यात हेडला आटेच थोडे असतात, त्यामुळे चालत्या गाडीत प्लग बाहेर उडतो. त्या इंजिनाला हा लेख लावू नका.

दोष प्लगचा की कॉइलचा

गाडी मिसिंग मारत असेल (एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल नीट पेटत नसेल), चढावर झटके देत असेल, तर ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड दाखवणारं यंत्र, लावून कोड वाचा. पी०३०० म्हणजे मिसिंग एका जागी ठरलेलं नाही. पी०३०१ ते पी०३०८ मध्ये शेवटचा आकडा सिलिंडरचा असतो. पी०३५१ ते पी०३५८ आले तर त्या कॉइलच्या विजेच्या मार्गात खोट आहे. तिथे कॉइलइतकाच संशय वायर आणि कनेक्टरवरही घ्या. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी तशीच दामटू नका, न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं.

सिलिंडरचे नंबर असे लागतात: गाडीच्या समोर उभे राहिलात की तुमच्या डाव्या हाताला, म्हणजे पॅसेंजरच्या बाजूला, १ ते ४ आणि उजव्या हाताला, ड्रायव्हरच्या बाजूला, ५ ते ८. दोन्हीकडे तुमच्या जवळचा आकडा लहान.

समजा पी०३०३ आला. तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर लावा, दुसऱ्याची तिसऱ्यावर, कोड पुसा आणि गाडीवर थोडं ओझं पडेल अशी चालवून आणा. आता पी०३०२ आला तर कॉइल गेलेली आहे. पी०३०३ च राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन बघायला हवं. ही अदलाबदल फुकटात होते, तरी लोक ती न करता आठ कॉइलचा स्वस्तातला सेट मागवतात. बिनानावाच्या सेटमधली एखादी कॉइल थोड्याच महिन्यांत जाते आणि पुन्हा पहिल्यापासून शोधाशोध सुरू होते. खराब निघालेली कॉइल मोटरक्राफ्टची (फोर्डचाच ब्रँड) घ्या, काळ्या बूटवाल्या इंजिनाला डीजी-५११. बाकीच्या सातांना निदान नवे बूट आणि स्प्रिंग घाला.

काढलेला बूट उजेडात फिरवून नीट बघा. आतून किंवा बाहेरून केसासारखी करडी रेघ उभी दिसली तर ठिणगी प्लगच्या टोकाऐवजी त्या वाटेने हेडमध्ये जात होती. असा बूट पुसून परत लावण्यात अर्थ नाही. प्लगच्या पांढऱ्या पोर्सिलिनवर तशीच काळी रेघ सापडेल. बूट तेलाने माखलेला असेल तर व्हॉल्व्ह कव्हरचं सील गळतंय आणि ते आधी बदलायला हवं. पाणी किंवा गंज दिसला तर बहुतेक वेळा इंजिन प्रेशरने धुतल्याचा तो परिणाम असतो.

सामान

आठ प्लग, काळ्या बूटवाल्या इंजिनासाठी: मोटरक्राफ्ट एसपी-५१५ किंवा त्याच्या जागी आलेला एसपी-५४६. एकसंध बनावटीचा पर्याय हवा असेल तर चॅम्पियन ७९८९. पुढच्या वेळी तुटण्याची धास्ती नको असेल तर तोच बरा. कार्ब्युरेटर क्लीनरचा एक डबा, निकेलवालं अँटी-सीझ (धातू एकमेकांना धरू नये म्हणून लावायचं वंगण), डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहू देणारं), ९/१६ इंचाचा पातळ भिंतीचा प्लग सॉकेट, लांब एक्स्टेंशन, कॉइलच्या बोल्टसाठी ७ मिमीचा सॉकेट, टॉर्क पाना आणि हवा मारायला कॉम्प्रेसर. लाइल ६५६०० हे तुटलेले प्लग काढायचं टूल कामाला हात घालण्याआधीच घरात असू द्या. काही पार्ट्सची दुकानं अनामत घेऊन ते वापरायला देतात. रविवारी संध्याकाळी सहा प्लग निघालेले आणि सातवा तुटलेला, अशा अवस्थेत ते शोधत हिंडणं नको.

जुने प्लग सोडवणे

इंजिन पूर्ण थंड हवं. रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. गरम असताना प्लग लवकर सुटतात असं सांगणारे भेटतील, पण फोर्डने २००८ च्या सूचनेत इंजिन खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय हात लावू नका असं स्पष्ट म्हटलं आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या गरम हेडमध्ये आटे खरवडण्याची भीती असतेच.

बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा, एअर फिल्टरची नळी बाजूला करा. कॉइलचे कनेक्टर जुने झाल्यावर ठिसूळ होतात. लॉक पूर्ण दाबूनच ओढा आणि वायरला धरून कधीच ओढू नका. ७ मिमीचा बोल्ट काढून कॉइल थोडी डावी-उजवी फिरवत वर उचला. मागच्या बाजूचे ४ आणि ८ नंबर काऊलखाली, म्हणजे पुढच्या काचेच्या बुडाशी असलेल्या पत्र्याखाली, जातात, तिथे हात जेमतेम शिरतो. ते ताज्या दमाने आधी उरका. प्लग सोडण्याआधी प्रत्येक विहिरीत, म्हणजे प्लग ज्यात बसतो त्या खोल खळग्यात, जोरात हवा मारा, नाहीतर तिथली वाळू आणि गंज सिलिंडरमध्ये पडतो. डोळ्याला चष्मा हवाच.

आता प्रत्येक प्लग फक्त आठवा ते पाव फेरा सैल करा. त्याहून जास्त नाही, आणि मागे-पुढेही आत्ताच करू नका. मग विहिरीत प्लगच्या षटकोनाच्या जरा वर येईल इतकं क्लीनर सोडा. मोजून सांगायचं तर अर्धा ते पाऊण छोटा चमचा. ते आट्यांतून झिरपत खालच्या कार्बनपर्यंत जातं आणि तो मऊ करतं. ‘जरा जास्तच घालू’ हा मोह आवरा. सिलिंडरमध्ये द्रव साचला आणि स्टार्टर मारला तर पिस्टनला तो दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. फोर्डचा आकडा कमीत कमी १५ मिनिटांचा आहे. ज्या प्लगना लाख मैल झालेत त्यांना तो अपुरा पडतो. काही तास, जमल्यास रात्रभर राहू द्या आणि क्लीनर उडून गेलं तर तेवढंच पुन्हा घाला. वाफ पेट घेणारी असते, म्हणून गॅरेजचं दार उघडं ठेवा.

मुरल्यावर रॅचेट हाताने चालवा. हवेची गन किंवा इम्पॅक्ट इथे वर्ज्य. थोडं सोडा, थोडं परत आवळा, पुन्हा सोडा. करकर, किंचाळल्यासारखा आवाज येईल. तो कार्बनचा आहे, घाबरू नका. साधारण ३३ फूट-पाउंड, म्हणजे ४५ न्यूटन-मीटरपर्यंतचा जोर अपेक्षित आहे. त्याहून जास्त लागत असेल तर आवळून ठेवा, पुन्हा क्लीनर घाला आणि दुसऱ्या प्लगकडे वळा. मागे-पुढे करता करता फिरणं हलकं होत गेलं की प्लग बाहेर काढा. करकर चालू असताना अचानक पाना लोण्यातून फिरल्यासारखा मोकळा झाला, तर प्लग बहुधा तुटला.

निघालेला प्रत्येक प्लग नव्याच्या शेजारी धरून लांबी ताडून बघा आणि टोकाला अर्थ इलेक्ट्रोड आहे याची खात्री करा. नळी कमी भरली तर उरलेला तुकडा आत आहे. प्लग पुठ्ठ्यावर नंबर टाकून मांडून ठेवा. एखाद्यावरच ओलं तेल किंवा पांढरट थर असेल तर तो सिलिंडर नंतर तपासायचा आहे.

तुटलाच तर

नुसती नळी आत राहिली असेल तर काम बरंच सोपं. नळीत पोर्सिलिनही अडकलं असेल तर ते आधी लाइलच्या दांड्याने खाली सरकवावं लागतं, म्हणजे वर टॅपला (आटे पाडायच्या अवजाराला) जागा होते. टूलला जिथे थांबा आहे तिथेच थांबा. आणखी ढकललं तर इलेक्ट्रोड वाकून पोर्सिलिन सिलिंडरमध्ये पडेल. मग टॅपला ग्रीस फासून नळीत आटे पाडा आणि टूलचा नट फिरवत नळी सरळ वर ओढून घ्या. ग्रीसला चुरा चिकटून येतो. उरलेला चुरा व्हॅक्युमला बारीक नळी जोडून ओढून घ्या, कारण पोर्सिलिनची कपची सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे काढते. स्क्रूड्रायव्हरने ठोकणं, साधा एक्स्ट्रॅक्टर घुसवणं असले प्रयोग केले की हेड उतरवण्याची पाळी येते.

नवे बसवणे

सगळे प्लग निघाल्यावर फ्युएल पंपचा फ्यूज काढा, कॉइल सुट्याच ठेवा, विहिरींवर फडकी टाका, बॅटरी जोडा आणि स्टार्टर काही सेकंद मारा. आत उरलेलं क्लीनर बाहेर फेकलं जाईल. त्या वेळी इंजिनावर कोणी वाकलेलं नको. मग बॅटरी पुन्हा सोडा.

प्लगचा गॅप (इलेक्ट्रोडमधली फट) १.० ते १.२७ मिमीच्या दरम्यान असावा. खोक्यातून येताना तो बहुतेक बरोबर असतो, फक्त फीलरने (फट मोजायच्या पट्टीने) बघून घ्या. हातातून पडलेला प्लग लावू नका. निकेल अँटी-सीझचा पातळ हात खालच्या नळीवर द्या. टोकाच्या इलेक्ट्रोडला आणि आट्यांना ते लागू देऊ नका. आट्यांना लागलं तर टॉर्क पाना तोच आकडा दाखवतो, पण प्लग गरजेपेक्षा जास्त आवळला जातो. पहिले आटे रॅचेटशिवाय, नुसत्या एक्स्टेंशनला बोटांनी फिरवून धरवा. वाकडा धरतोय असं वाटलं तर मागे घ्या. शेवटी २५ फूट-पाउंड, म्हणजे ३४ न्यूटन-मीटर.

बूटच्या तोंडाला आतून डायइलेक्ट्रिक ग्रीस बोटाने फिरवा, स्प्रिंग सरळ आहे ना ते पाहा आणि कॉइल खाली टेकेपर्यंत दाबा. बोल्ट मनगटाच्या जोरापुरताच. कनेक्टरचा टक आवाज आला पाहिजे. लॉक तुटलेला असेल तर प्लास्टिकच्या पट्टीवर भरवसा ठेवू नका, वायरसकट नवा कनेक्टर मिळतो.

फ्यूज आणि बॅटरी जोडून गाडी सुरू करा. सुरुवातीला अडखळेल, मागून पांढरा धूर आणि क्लीनरचा वास येईल, तो काही मिनिटांत जातो. पेट्रोल चढल्यासारखं वाटलं तर अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून स्टार्टर मारा, त्याने इंजेक्टर बंद राहतात. क्लीनरचा काही भाग रिंगांवरून तेलात उतरलेला असतो, म्हणून याच वेळी तेल आणि फिल्टर बदला: ५डब्ल्यू-२०, सात क्वार्ट, म्हणजे साधारण ६.६ लिटर.

नवे प्लग, धड कॉइल असूनही गरम इंजिन आयडलवर थरथरत असेल आणि पुढून डिझेलसारखा टकटक आवाज येत असेल, तर कॅम फेझर (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ मागे-पुढे करणारा भाग) आणि तेलाचा दाब तपासून घ्या. या इंजिनाचं ते दुसरं प्रसिद्ध दुखणं आहे. गाडी मध्येच पेट्रोल संपल्यासारखी बंद पडत असेल तर मागच्या स्टेपनीच्या वर, चासीला लावलेलं फ्युएल पंपचं मॉड्यूल गंजून फुगलंय का ते बघा.