लाँगबेडची शॉर्टबेड: स्क्वेअरबॉडी सी-१० ची फ्रेम आणि हौदा आखूड करताना

१९७३ ते १९८७ या काळातल्या शेव्हरोले पिकअपना अमेरिकेत ‘स्क्वेअरबॉडी’ म्हणतात; सी-१० ही त्यातली अर्ध्या टनाची. ८ फुटी हौद्याच्या (लाँगबेड) गाड्या कामाला जुंपण्यासाठी घेतल्या जायच्या, म्हणून त्या आजही तुलनेनं स्वस्तात मिळतात. शौकीन जास्त पैसे मोजतात ते साडेसहा फुटी हौद्याला (शॉर्टबेड). दोन्हींची केबिन आणि पुढचा सगळा भाग एकच, त्यामुळे लाँगबेड आखूड करणं शक्य होतं.

आधी माप पक्कं करा. लाँगबेडचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर) १३१.५ इंच, शॉर्टबेडचा ११७.५. म्हणजे मागचा अ‍ॅक्सल १४ इंच पुढे यायला हवा. हौदा मात्र साधारण २० इंचांनी आखूड होतो: १४ इंच चाकाच्या पुढून, ६ इंच चाकाच्या मागून. फ्रेमचंही तसंच. सगळे २० इंच एकाच ठिकाणी कापले तर चाक कमानीच्या मध्यभागी बसत नाही, आणि मग दुरुस्तीला जागाच उरत नाही.

गंजलेली फ्रेम घेऊ नका. मागच्या स्प्रिंगचे पाटे जिथे फ्रेमला टांगतात त्या हँगरपाशी हातोडीनं ठोकून पाहा. पापुद्रे सुटत असतील तर ती फ्रेम वेल्ड धरणार नाही. शिवाय ही पद्धत अर्ध्या टनाच्या साध्या पोलादाच्या फ्रेमसाठी आहे. मोठ्या ट्रकच्या उष्णोपचार केलेल्या फ्रेमला कापू-जोडू नये, कारण वेल्डच्या कडेचा भाग मऊ पडतो.

कापण्याआधी बॅटरी सोडवा आणि इंधनाच्या टाक्या, पाइप, वायरिंग, हँडब्रेकची केबल, सायलेन्सर काढून ठेवा. टाकी नुसती रिकामी करून गाडीवर ठेवणं पुरेसं नाही. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा धोक्याची असते. इथे आणखी एक अडचण आहे: लाँगबेडची बाजूची टाकी २० गॅलनची, शॉर्टबेडची १६ गॅलनची. लांब टाकी आखूड फ्रेमवर बसत नाही, त्यामुळे आखूड टाकी आणि तिचे पट्टे आधीच मिळवून ठेवा.

गाडी सपाट फरशीवर लोखंडी घोड्यांवर (जॅक स्टँड) घ्या, कापाच्या पुढे आणि मागे दोन्हीकडे आधार द्या. फ्रेमच्या दोन्ही लांब बाजूंवर, म्हणजे रेलांवर, कापायच्या भागाच्या बाहेर, बरोबर ४० इंचांवर सेंटर पंचानं खुणा करा. जोडल्यावर हेच अंतर २६ इंच भरायला हवं. खुणांवरून ओळंबा सोडून फरशीवर ठिपके घ्या आणि तिरकी मापं लिहून ठेवा. खडूच्या रेघेवर विसंबू नका, ग्राइंडरच्या ठिणग्यांत ती पुसली जाते.

काप कुठे घ्यायचा? केबिनच्या मागे आणि पाट्याच्या पुढच्या हँगरच्या आधी, जिथे रेल सरळ आहे तिथे. अ‍ॅक्सलवर रेल वाकते त्या भागाच्या जवळ जाऊ नका. दोन्ही काप-रेषांवर रेलची उंची कॅलिपरनं मोजा. ती सारखी नसेल तर काप थोडा पुढे-मागे सरकवा, नाहीतर टोकं जुळणारच नाहीत. मोठ्या भोकांतून आणि फ्रेमवर ठोकलेल्या नंबरातून काप नेऊ नका.

सरळ उभा काप सगळ्यात वाईट, कारण सगळा ताण एकाच रेषेवर येतो. पायरीचा काप घ्या. रेलची वरची आडवी पट्टी एका जागी, खालची तिच्यापासून ६ इंचांवर, आणि मधल्या उभ्या भागात अर्ध्या उंचीवर आडवी रेघ. पायरीच्या आतल्या कोपऱ्यांत आधी ६ मिमीचं भोक पाडा, म्हणजे तडा तिथून सुरू होत नाही. पत्र्याचा एकच साचा करा. तोच साचा १४ इंच मागे सरकवून दुसरी रेघ मारा, आणि दुसऱ्या रेलसाठी उलटा करून वापरा. १ मिमीच्या डिस्कनं रेघेच्या टाकाऊ बाजूनं कापा. कापण्याआधी प्रत्येक रेलला लांब चौकोनी नळी क्लॅम्पनं बांधा. मागचा भाग पुढे सरकवताना तीच त्याला सरळ ठेवते.

कडांना ३० अंशांचा उतार द्या आणि २ मिमीची फट ठेवून वेल्डचे छोटे टाके मारा. मग थांबा आणि सगळी मापं परत घ्या. तिरक्या मापांत एका सुतापेक्षा (१/८ इंच) जास्त फरक असेल तर टाके तोडा. पूर्ण वेल्डनंतर फ्रेम ओढून सरळ करण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

मिगसाठी (तारेच्या वेल्डिंग मशीनसाठी) ०.९ मिमी तार आणि ७५ टक्के आर्गॉन, २५ टक्के कार्बन डायऑक्साइड. हातानं करणार असाल तर कोरडे ठेवलेले ७०१८ इलेक्ट्रोड. एकदोन इंचांचे तुकडे, आळीपाळीनं डाव्या-उजव्या रेलवर, वर-खाली. वरची पट्टी सलग वेल्ड केली की ती थंड होताना आखडते आणि रेल वाकते. पाणी ओतून गार करू नका. पट्ट्यांची कड हाच सर्वात जास्त ताणाचा भाग, तिथला वेल्ड पूर्ण भरून घासून सपाट करा. तिथे राहिलेली छोटी खाच पुढे मोठा तडा होते.

जोडावर आतल्या बाजूनं फ्रेमइतक्याच जाडीची, दोन्ही टोकं तिरकी कापलेली सुमारे १४ इंचांची प्लेट बसवा. १२ मिमीच्या भोकांतून प्लग वेल्ड आणि लांबीच्या कडांना वेल्ड करा, उभी रेघ मात्र कुठेही नको. जाडजूड चौकोनी प्लेट दिसायला भक्कम असते, पण ती संपते तिथेच फ्रेम तुटते.

मागचं ६ इंचांचं काम सोपं. शेवटच्या आडव्या पट्टीचे रिव्हेट काढा, ती पुढे घ्या, ग्रेड ८ बोल्टनं बसवा, मग उरलेली टोकं छाटा.

लाँगबेडला बहुधा दोन तुकड्यांचा प्रोपेलर शाफ्ट असतो. आता एकच नळी करून घ्या. माप गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना घ्या: स्लिप योक (गिअरबॉक्समध्ये सरकणारं शाफ्टचं टोक) पूर्ण आत ढकलून १ इंच बाहेर ओढा, मग मोजा. नवा शाफ्ट बॅलन्स केल्याशिवाय लावू नका. ब्रेकचे पाइप डबल फ्लेअर करूनच (टोक दुहेरी दुमडून पसरवून) जोडा. कॉम्प्रेशन जोड ब्रेकला चालत नाही.

हौद्याच्या बाजूंचा पत्रा पातळ, त्याला सलग वेल्ड अजिबात नको. दर इंचावर ठिपका, गार होऊ द्या, मग मधल्या जागा. कडा एकमेकींवर न चढवता टोकाला टोक लावा, कारण चढवलेल्या जोडात पाणी साचतं आणि रंगाखालून रेघ दिसते. आतल्या आणि बाहेरच्या पत्र्याचे जोड एका रेषेत आणू नका. इंधनाच्या तोंडाचं झाकण आहे तो भाग कापू नका. तळाच्या पन्हाळ्या लांबीच्या दिशेनं असल्यानं त्या आपोआप जुळतात, जोड मात्र आडव्या बीमवरच आणा. शेवटचा वेल्ड हौदा फ्रेमवर बसवून, मागचं फाळकं बंद ठेवूनच करा, नाहीतर बाजू फाकतात आणि फाळकं लागत नाही.

महाराष्ट्रात जुन्या जीप किंवा पिकअपवर हे करायचं मनात असेल तर थांबा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल चालत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. व्हीलबेस त्या तपशिलात येतो. अमेरिकेत राज्यानुसार नियम वेगळे, ते आधी पाहा.

पहिले काही शे मैल रिकाम्या गाडीनं चालवा, मग जोडावरचा रंग वायर ब्रशनं काढून डाय पेनेट्रंट (तडा दाखवणारा रंग) मारा. लाल रेघ दिसली तर वेल्ड घासून काढून नव्यानं भरा, वरून थर चढवू नका.