कमी पाण्याची बाग लावताना या चुका टाळा

बोगनवेल, घायपात, कोरफड अशी काटक मंडळी आणून लावली, तरी नळीचं पाणी काही कमी होत नाही. अशा बागेत बहुतेकदा शेजार चुकलेला असतो.

एकाच वाफ्यात बोगनवेल आणि कर्दळ लावली, की पाणी कर्दळीच्या हिशोबानं घालावं लागतं. कर्दळ खूश. बोगनवेल मात्र त्या ओलीवर लांबलचक फुटवे काढत बसते, फुलांचा पत्ता नाही. मग कुणीतरी नत्राचं खत घालतं आणि पानं आणखीच माजतात! खरं तर ताण बसला की ती लगडते. म्हणून रोपं आणण्याआधी कागदावर बागेचे तीन भाग पाडा. कर्दळ, नेचे नळाजवळ. मोगरा, जास्वंद मध्ये. चाफा, बोगनवेल, घायपात लांबच्या उन्हाच्या कडेला. रंगसंगती आणि उंची त्यानंतर, त्या त्या भागातल्या भागात जुळवा.

रोप काटक आहे म्हणून पहिल्या दिवसापासून वाऱ्यावर सोडू नका. पिशवीतून काढलेल्या रोपाची मुळं पिशवीएवढीच असतात. पहिलं वर्षभर पाणी द्यावंच लागतं, पण रोजचं शिंपडणं नको. त्यानं वरची दोन-तीन सेंटीमीटर माती भिजते आणि मुळंही तिथेच घुटमळतात. एकदा भरपूर द्या, मग वरची माती सुकू द्या. शंका आली तर खुरप्यानं वीतभर उकरून पाहा. ओल तिथे दिसली पाहिजे.

पान मलूल दिसलं की हात नळाकडे जातो, तो आवरा. भर दुपारी मान टाकलेलं झाड संध्याकाळी सावरलं, तर ते तहानलेलं नव्हतं. कडा वाळून कुरकुरीत झाल्या तर बहुधा पाणी कमी. पानं पिवळी, मऊ पडली तर आधी पाणी जास्त झालंय का ते बघा. माझा एक चाफा मी असाच घालवला. पानं पिवळी पडली म्हणून पाणी वाढवत गेलो, आणि शेवटी बुंधा बोटानं दाबला तर ओल्या स्पंजासारखा आत गेला.

चिकण मातीत हा धोका जास्त. 30 सेंटीमीटर खोल खड्डा पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेलं असेल, तर कोरफड, घायपात उंच वाफ्यावरच लावा.

पालापाचोळ्याचं 5 ते 7 सेंटीमीटर आच्छादन घाला, बुंध्यापासून चार बोटं दूर. पांढरे गोटे फोटोत छान दिसतात. भर उन्हात तापले, की कोवळ्या रोपांची खालची पानं भाजतात.

राहिली हिरवळ. सगळ्यात जास्त पाणी बहुधा तीच पिते. जिथे खरोखर कुणी बसतं किंवा मुलं खेळतात, तेवढाच तुकडा ठेवा.