मुलांचा इंग्रजी पॉडकास्ट: या चुका टाळा

जून उजाडला की एखाद्या नव्या शिक्षकाचा फोन येतोच. "मॅडम, नववीकडून पॉडकास्ट करून घ्यायचाय, माइक कुठला घेऊ?" माइक राहू द्या. आधी मुलांच्या हातातला कागद काढून घ्या.

लिहिलेली स्क्रिप्ट वाचणं ही यातली सगळ्यात मोठी चूक. आमच्या एका गटाने सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांवर, भाग केला. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हेही पोरांनी शोधलं होतं. पण स्क्रिप्ट लिहिली होती कुणाच्या तरी ताईने. 'सबटेरेनियन'वर तिघंही अडखळले आणि अर्थ एकालाही सांगता येईना. मी कागद बाजूला ठेवले. एकाचे आजोबा पेवात उतरायचे, त्याला विचारलं, आजोबा सगळ्यात आधी काय करायचे? तो थांबत थांबत म्हणाला, "फर्स्ट ही पुट लॅम्प इनसाइड. लॅम्प गो ऑफ, नोबडी गो डाउन." बंद पेवात हवा कोंडते, म्हणून आधी दिवा सोडून बघायचा. व्याकरण चुकलं, पण अख्खा वर्ग कान देऊन ऐकत होता. मग दिवा विझण्याला काय म्हणतात यावर वर्गात बोललो आणि दुसऱ्या रेकॉर्डिंगला त्याने आपणहून 'गोज आउट' म्हटलं.

तेव्हापासून माझ्या वर्गात हातात फक्त एक चिठ्ठी असते. तिच्यावर सहा शब्द, वाक्य एकही नाही. घरच्यांची मुलाखत मराठीतच घ्यायची आणि वर्गात इंग्रजीत सांगायची. आता ताईच्या जागी एआय आलंय. मुलाने बोलायचंच नसेल तर हा खटाटोप कशाला?

दुसरी चूक आवाजाची. "एडिटिंगमध्ये काढू" म्हणणाऱ्यांनी पंख्याची घरघर एकदा काढून बघावी. पंखा आधीच बंद करा, फोन फ्लाइट मोडवर टाका आणि तोंडापासून वीतभर लांब, जरा तिरका धरा. समोर धरला की प आणि ब फुटतात. रिकाम्या वर्गात आवाज घुमतो, म्हणून मी ग्रंथालयात पुस्तकांच्या कपाटांमध्ये मुलांना बसवते. सुरुवातीला पाच सेकंद गप्प राहायला लावते. ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन, म्हणजे मागचा उरलासुरला आवाज कमी करताना हीच शांतता नमुना म्हणून उपयोगी पडते.

बाकी थोडक्यात. भाग तीन मिनिटांचाच ठेवा. मागे सिनेमाचं गाणं नको, त्यावर कॉपीराइट असतो. फाइल व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, नाहीतर आवाजाचा दर्जा घसरू शकतो. मराठीत एकच व असल्याने इंग्रजीतले दोन व मुलांकडून चुकणारच; त्यासाठी रेकॉर्डिंग मध्येच तोडू नका. आणि पालकांच्या लेखी संमतीशिवाय मुलांचा आवाज शाळेबाहेर जाता कामा नये.

केलेला भाग वर्गात ऐकवायचाच नाही, ही चूक मला सगळ्यात जास्त लागते. माझ्याकडे ऐकणारा प्रत्येक जण एक प्रश्न इंग्रजीत लिहून देतो. पेवाच्या भागानंतर शेवटच्या बाकावरच्या मुलीने लिहिलं होतं, "हू हेल्ड द रोप?" उत्तरासाठी तो मुलगा पुन्हा आजोबांकडे गेला.